घरटी वाटायचीच असतील तर नोव्हेंबरमध्ये वाटा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत गेल्या आठवड्यात जागतिक चिमणी दिनाच्या एका कार्यक्रमाची सचित्र बातमी वाचली. नागरिकांना लाकडी घरटी आणि पाण्यासाठी मातीची भांडी मोफत वाटण्यात आली, मान्यवरांची भाषणे झाली आणि पुढच्या वर्षी याहून अधिक घरटी वाटण्याचा संकल्प सोडण्यात आला, असे तीत म्हटले आहे. आयोजकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला काहीच कारण नाही. पदरमोड करून असे काम करणारी माणसे आपल्या गावात आहेत याचा आनंदच वाटतो. परंतु छायाचित्रात पाहुण्यांच्या हाती जे घरटे दिसते, त्याचे दार चांगले दोन-अडीच इंचांचे आहे, दाराखाली बसण्यासाठी गोल दांडी ठोकलेली आहे आणि वाटपाची तारीख २० मार्च आहे. या तिन्ही गोष्टी चिमणीच्या अडचणीच्या आहेत. त्यांतली तिसरी दुरुस्त करायला तर एक पैसाही लागत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर साताऱ्यातल्या घरी उरल्यासुरल्या फळ्यांतून पक्ष्यांसाठी घरटी करण्याचा नाद लागला, त्याला आता अकरा वर्षे होतील. लाकूड कळते म्हणजे पाखरूही कळते, असा माझा सुरुवातीला समज होता. पहिले घरटे मी जुन्या सागवानी चौकटीच्या तुकड्यांचे केले, त्याला आतूनबाहेरून रंधा मारला, काचकागद फिरवला, वर पॉलिश चढवले आणि दिवाणखान्यातल्या कपाटावर शोभावे असे ते डबडे परसातल्या जांभळीला तारेने टांगले. दोन वर्षे त्याच्याकडे एकही चिमणी फिरकली नाही. ती का फिरकली नाही हे मला हळूहळू उमगत गेले. आपली चिमणी माणसाच्या घराच्या आधाराने राहणारी. तिला झाडापेक्षा वळचण, खांबावरची खोबण, विजेच्या मीटरमागची फट जवळची वाटते. वाऱ्याने झुलणाऱ्या पेटीवर तिचा विश्वास बसत नाही, पॉलिशचा वास महिनोन्‌महिने जात नाही आणि गुळगुळीत केलेल्या फळीवरून पिल्लांना दारापर्यंत चढता येत नाही. ज्या बाजूला रंधा मारायला नको होता, तिथेच मी सर्वांत जास्त घाम गाळला होता.

तिसऱ्या वर्षी ते घरटे काढून घराच्या पश्चिमेच्या भिंतीला पक्के ठोकले आणि पाऊस लागू नये म्हणून झाकणावर पत्रा मारला. फेब्रुवारीअखेरीस चिमण्या आल्या, काड्या नेऊ लागल्या, पुढे आतून पिल्लांची चिवचिवही ऐकू येऊ लागली आणि एप्रिलमधल्या एका दुपारनंतर ती ऐकू येईनाशी झाली. दोन दिवसांनी झाकण उघडले तेव्हा आत तीन पिल्ले वाळून पडलेली होती. झाकणाचा पत्रा संध्याकाळी सहा वाजताही हाताला चटका देत होता. ती चूक सर्वस्वी माझी होती. घरटे उघड्यावर लटकलेले असते तर निदान रिकामे राहिले असते. मी ते सुरक्षित दिसेल असे केले आणि त्यांना तापलेल्या पेटीत बोलावून घेतले. तेव्हापासून मी घरटी पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून, छपराच्या पडवीखाली, साधारण नऊ-दहा फुटांवर लावतो, म्हणजे दुपारचे ऊन आणि नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड ही दोन्ही टळतात.

आता मापाविषयी. सुतारांच्या हिशेबात सांगायचे तर चिमणीच्या घरट्याचे दार दहा सुतांचे, म्हणजे सव्वा इंचाचे असावे. मिलिमीटरमध्ये ते ३२ भरते. आठ सुतांचे भोक पाडले तर चिमणीला आत शिरता येत नाही आणि सोळा सुतांचे पाडले की साळुंकी शिरते. साळुंकी शिरली तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न गैर नाही, कारण साळुंकीलाही पोकळी लागतेच आणि जुनी झाडे तोडली गेल्यामुळे ढोल्या तिच्यासाठीही उरलेल्या नाहीत. पण चिमणीने आठवडाभर खपून भरलेले गवत एकेक काडी ओढून बाहेर टाकणारी साळुंकी मी पाहिली आहे. म्हणून कोणते घरटे कोणासाठी हे दारावरूनच ठरवून टाकावे. दोन इंची दाराचे एक घरटे मी मुद्दाम दयाळ पक्ष्यासाठी ठेवले आहे. दयाळाच्या जोडीला शेजार खपत नाही, त्यामुळे एका आवारात एकच पुरते. चिमण्यांना मात्र सोबत लागते, म्हणून त्यांची दोन-तीन घरटी हातभर अंतराने एकाच भिंतीला लावलेली बरी. एप्रिल-मेमध्ये दयाळाचा नर उजाडण्याच्या कितीतरी आधी केबलच्या तारेवर बसून गाऊ लागतो. सौभाग्यवतींच्या मते तो गजर आहे आणि तो बंद करण्याची कळ मी बसवायला विसरलो आहे.

दाराखालची दांडी ही तर निव्वळ शोभेची वस्तू आहे. चिमणी उडत येते ती थेट दाराची कड पकडते, तिला पायरी लागत नाही. पायरीचा उपयोग होतो तो कावळ्याला, कारण तिच्यावर निवांत बसून त्याला आत चोच घालता येते. दारापासून तळ सहा इंच तरी खोल असावा, तोही याचसाठी. लाकूड आंब्याच्या साध्या फळीचे, सहा सूत जाडीचे, आतून खडबडीत ठेवलेले पुरेसे होते. पातळ प्लायवूड एका पावसाळ्यात पापुद्रे सोडते आणि प्लॅस्टिकच्या डब्याची उन्हात भट्टी होते. तळाला पाणी निथळायला चार बारीक भोके आणि वरचे झाकण बिजागरीवर उघडणारे, एवढे केले की काम झाले. झाकण उघडणारे हवे, कारण वीण संपल्यावर घरटे साफ करावे लागते, आणि मोफत वाटलेल्या बहुतेक घरट्यांची झाकणे खिळ्यांनी कायमची ठोकून टाकलेली असतात.

साफ करताना काय निघते ते एकदा प्रत्येकाने पाहावे. मागच्या नोव्हेंबरात एका घरट्यातून मी गवत, काथ्या, केरसुणीच्या काड्या, कोंबडीची पिसे, राखीचा रेशमी धागा, टिकल्यांच्या पाकिटाचा तुकडा आणि पतंगाचा हातभर नायलॉनचा मांजा बाहेर काढला. त्या मांजाच्या टोकाला एका पिल्लाचा सुकलेला पाय अडकलेला होता. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे आणि तरीही संक्रांतीनंतर तो आमच्या आळीतल्या प्रत्येक झाडावर लोंबत असतो. चिमणीला तो उत्तम दोरा वाटतो. घरटी वाटणाऱ्या मंडळींनी संक्रांतीनंतरच्या रविवारी मुलांना घेऊन झाडांवरचा मांजा उतरवण्याचा कार्यक्रम केला, तर त्याने अधिक पिल्ले वाचतील असे मला वाटते.

आता तारखेकडे येतो. नाशिकच्या 'नेचर फॉरएव्हर सोसायटी'च्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिन म्हणून पाळला जातो आणि त्यामुळे लोकांचे लक्ष या पाखराकडे वळले, हे श्रेय निर्विवाद आहे. पण लक्ष वेधण्याचा दिवस आणि घरटे लावण्याचा दिवस एकच असला पाहिजे असे नाही. चिमणीचा नर आधी जागा धरतो, तिच्या दारात बसून दिवस दिवस ओरडतो आणि मादीला ती पसंत पडली तर मग काड्यांचे काम सुरू होते. नव्या वस्तूकडे ही पाखरे पुष्कळ दिवस संशयाने पाहतात. माझ्या आवारात ही जागा धरण्याची गडबड जानेवारीअखेरीस दिसू लागते आणि २० मार्चपर्यंत पहिल्या विणीची पिल्ले तोंड वासून बसलेली असतात. अंडी उबायला साधारण बारा दिवस आणि पिल्ले उडायला त्यापुढे पंधरा दिवस धरले, तर एका विणीला महिना लागतो. २० मार्चला समारंभात मिळालेले घरटे घरी जाते, खिळा सापडेपर्यंत आठवडाभर माळ्यावर पडते, एप्रिलच्या उन्हात कोरे करकरीत भिंतीवर चढते आणि चिमणी त्याला सरावेपर्यंत वळीव सुरू होतो. मग ऑगस्टमध्ये लोक म्हणतात, आम्ही घरटे लावले होते, पण काही आले नाही बुवा.

याउलट नोव्हेंबरात पाऊस सरलेला असतो, भिंती सुकलेल्या असतात आणि घरट्याच्या लाकडाचा व सरसाचा वास उडून जायला, पाखरांची नजर मरायला पुढे दोन-अडीच महिने हाती असतात. त्यासाठी नवा दिवस शोधण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवून दिलेला आहे. त्याची सुरुवात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी होते आणि शेवट डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनी. चितमपल्ली जून २०२५ मध्ये आपल्यातून गेले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ काही करावे अशी पत्रे आपल्याकडेही आली असतील. त्यांच्या जन्मदिनी घरटी वाटणे आणि २० मार्चला त्यांतली किती भरली हे मोजणे, एवढा बदल केला तरी पुष्कळ होईल. तसेही सालिम अलींच्या पक्षिप्रेमाची सुरुवात एका चिमणीपासूनच झाली. १९०८ मध्ये छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन ते लहान वयात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले होते. ती अर्थात घरचिमणी नव्हे. तिला झाडाची ढोलीच लागते.

ढोलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या शेवग्याची एक फांदी वाळली, तेव्हा ती तोडायला आलेल्या माणसाला मी अर्धी ठेवायला लावली. तांबट पक्ष्याने त्या मऊ झालेल्या लाकडात सुबक गोल भोक कोरले. गिरमिट चालवून माझे हात गेले, पण इतकी स्वच्छ कड मला दरवेळी साधत नाही. वाळकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याची भीती नसेल तर ती राहू द्यावी. फुकटातली ती सर्वांत चांगली घरटी.

धान्याच्या फीडरविषयी मात्र मी जरा कडवट आहे. दुकानातून आणलेला तबकडीचा फीडर मी गच्चीवर लावला आणि त्यात ज्वारी भरली, तेव्हा महिनाभरात तिथे चाळीसएक पारवे झाले आणि चिमण्या कठड्यावर बसून त्यांचे जेवण पाहू लागल्या. पारव्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसांना बाधते हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा वाद पेटला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत कसा गेला, हे आपल्याच दैनिकात रोज छापून येत होते. मुंबईतल्या त्या वादात श्रद्धेचा भाग आहे आणि त्यात पडण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गच्चीवर नवा कबुतरखाना उघडून त्याला चिमणी संवर्धन म्हणू नये, एवढे तरी म्हणता येईल. मी पुढे फीडरभोवती दीड इंची चौकोनांच्या जाळीचा पिंजरा केला. चिमणी आणि मुनिया त्यातून सहज आत जातात, पारवा बाहेर फेऱ्या मारतो. ज्वारी-मक्याऐवजी राळा, बाजरी किंवा तांदळाची कणी घालावी, तीही सकाळी मूठभर, नऊ-दहापर्यंत संपेल इतकीच. उरलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर-घुशी येतात आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. फरसाण, पाव आणि मिठाचा भात तर मुळीच घालू नये. अलीकडे लाल फुलाच्या आकाराचे, साखरपाणी भरायचे फीडरही मिळू लागले आहेत. ते ज्या हमिंगबर्डसाठी निघाले तो पक्षी अमेरिकेचा, तो भारतात नाही. आपल्या शिंजिराला जास्वंद आणि पांगारा पुरतात, आणि घरट्यासाठी त्याला हवी असतात कोळ्याची जाळी, जी आपण दर रविवारी झाडून काढतो.

मुळात चिमणीला उपाशी राहायची वेळ का आली? माझ्या लहानपणी अंगणात दळण निवडले जायचे. सूप हलले की कोंडा, फुटके दाणे आणि किडके कण जमिनीवर पडायचे आणि ते निवडण हाच चिमण्यांचा फीडर होता. आज पीठ पिशवीतून येते आणि अंगणात पेव्हर ब्लॉक असतात. या फरश्यांनी दाणे तर गेलेच, शिवाय मातीही गेली. चिमणी धुळीत अंग घुसळून पिसे स्वच्छ करते. आमच्या दाराशी नळाच्या बाजूला परातीएवढी उघडी माती मी ठेवली आहे, तिथे दुपारी चार-पाच चिमण्यांच्या खळग्यांची नक्षी उमटते.

दाण्यांची एवढी चर्चा होते, पण चिमणीची पिल्ले पहिले काही दिवस दाणे खातच नाहीत, हे कोणी सांगत नाही. त्यांना अळ्या, मावा, नाकतोड्याची पिल्ले असे मऊ किडे लागतात. एका सकाळी खुर्ची टाकून मी मोजले, तेव्हा तासाभरात नर-मादी मिळून वीसहून अधिक वेळा घरट्यात शिरली आणि चोचीत बहुतेक वेळा हिरवी अळी होती. ती अळी येते कुठून? घेवड्याच्या वेलावरून, कढीपत्त्याच्या पानांवरून, कुंपणाच्या मेंदीवरून, न काढलेल्या गवतातून. आमच्या शेजारच्या एका गृहसंकुलात मोठ्या उत्साहाने घरटी लावली गेली आणि त्याच आवारातल्या शोभेच्या झाडांवर दर पंधरवड्याला कीटकनाशक फवारले जाते. दोन्ही कामे एकच समिती करते. खाली हिरवळ गालिच्यासारखी कापलेली, कडेला परदेशी शोभेची झुडपे आणि वर रिकामी घरटी, असे ते दृश्य आहे. त्या समितीपुढे मी सर्व सांगून पाहिले. कुंपणाच्या कोपऱ्यातले दहा फूट तण राहू द्या म्हणालो, तेव्हा त्याने संकुलाचे मूल्य घटेल असे उत्तर मिळाले.

पाण्याच्या भांड्याचे थोडक्यात. उथळ परळ घ्यावे, पाणी दोन इंचांहून खोल नसावे, मध्ये विटेचा तुकडा ठेवावा आणि मांजराला दबा धरता येईल अशा झुडपापासून ते दूर असावे. ते रोज घासून पाणी बदलावे लागते, कारण आठवडाभर साचलेल्या पाण्यात डासांची पूर्ण पिढी तयार होते आणि मग आरोग्य विभागाचे कर्मचारी आपले भांडे पालथे करून जातात, ते योग्यच करतात. मी दोन परळ ठेवतो. एक भरलेले, दुसरे उन्हात वाळत.

चिमणी नामशेष होत चालली आहे, हे वाक्य प्रत्येक भाषणात असते, म्हणून त्याबद्दलही लिहितो. देशभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये निघालेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालाने चिमणीची संख्या देशपातळीवर साधारण पंचवीस वर्षांत स्थिर राहिल्याचे आणि मोठ्या महानगरांत मात्र घटल्याचे नोंदवले आहे. म्हणजे साताऱ्यासारख्या गावात अजून वेळ गेलेली नाही. चिमण्या घटल्याबद्दल मोबाइलच्या मनोऱ्यांवर बोट दाखवणे सोपे असते, कारण तो मनोरा आपण उभारलेला नसतो; पेव्हर ब्लॉक आपण बसवलेले असतात.

आयोजकांना माझी विनंती एवढीच आहे की पुढचे वाटप पक्षी सप्ताहात करावे, दार दहा सुतांचे ठेवावे, प्रत्येक घरट्यावर रंगाने क्रमांक घालावा आणि नेणाऱ्याचे नाव वहीत टिपून घ्यावे. माप काढून देण्याचे आणि मुलांकडून घरटी करवून घेण्याचे काम मी आनंदाने करीन. आणि आपणास विनंती अशी की पुढच्या २० मार्चला किती घरटी वाटली या आकड्याऐवजी आधीची किती भरली हा आकडा आयोजकांकडून मागून घेऊन छापावा. तो आकडा लहान निघाला तरी चालेल. माझ्या सात घरट्यांपैकी आज तिनांत चिमण्या आहेत, एकात दयाळ आहे, दोन रिकामी आहेत आणि सातव्यात गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड केले आहे. ते काढण्याचे धाडस मला अद्याप झालेले नाही.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त सुतारकाम निदेशक,
सातारा